गच्चीवरचा २ इंची बोर्ड आणि २ उन्हाळे

आमचे घर अकोल्यात आहे. तळमजला आणि त्यावर एक मजला अशी साधी बांधणी, १९९८ साली टाकलेला ५ इंची स्लॅब, त्याच्या पाठीवर सिमेंटचा पातळसा थर आणि त्यावर उघडे आकाश. वरच्या मजल्यावर आईची खोली आहे. दर मे महिन्यात तिचे एकच म्हणणे असे, की दुपार कशीबशी निघून जाते, पण दिवेलागणीनंतर खोलीत बसवत नाही. आम्ही ते वयाच्या कुरकुरीत जमा करत आलो होतो. २०२२ च्या नवतपात, म्हणजे मे अखेरच्या ९ कडक दिवसांत, एका मित्राकडून इन्फ्रारेड थर्मामीटर आणून छताच्या खालच्या अंगावर धरले, तेव्हा दुपारी १ वाजता ३८ अंश दाखवणारे छत संध्याकाळी ६ वाजता ४३ अंशांवर गेलेले दिसले. आई बरोबर होती. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ४-५ तासांनी, बाहेर झुळूक सुटू लागते त्याच सुमारास, ते खोलीत ओतायला सुरुवात करतो. कूलर कितीही मोठा लावला तरी डोक्यावरच्या तापलेल्या छताची झळ हवेतून नव्हे तर सरळ अंगावर येते, आणि ती कूलरला आवरत नाही.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही गच्चीवर ५० मिलिमीटर जाडीचे एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीनचे, म्हणजे बाजारात ‘एक्सपीएस’ या नावाने मिळणारे बोर्ड टाकून घेतले आणि आईच्या खोलीला शिवाय ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंची गादी, घातलेले फॉल्स सीलिंग केले. त्यानंतर २०२४ आणि २०२५ चे २ पूर्ण उन्हाळे आम्ही त्याखाली काढले आहेत. मालाचा आणि कामाचा अभिप्राय वेगवेगळा द्यावा लागेल, कारण माल उत्तम असूनही तो बसवणाऱ्याने त्याची जवळजवळ माती केली, असा आमचा अनुभव आहे. बोर्डाला १० पैकी ९ गुण देण्यास माझी हरकत नाही, ग्लासवूलला ५, आणि ठेकेदाराला किती द्यावेत हे पुढचे वाचून ज्याने त्याने ठरवावे.

भिंतींऐवजी गच्चीच का, असे अनेकांनी विचारले. मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य अकोल्यात भर दुपारी जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जेमतेम घसरते, पूर्व-पश्चिमेच्या भिंतींच्या वाट्याला ते अर्धाअर्धा दिवस येते आणि गच्ची मात्र सकाळी ७ पासून संध्याकाळी ६ पर्यंत एकटी भाजत असते. भर दुपारी दर चौरस मीटरला ९०० ते १००० वॅट इतकी सूर्याची ऊर्जा तिच्यावर पडते. शिवाय आमच्या भिंती ९ इंची विटांच्या आहेत आणि काँक्रीट विटेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे घराचा सर्वांत दुबळा भाग नेमका सर्वांत जास्त उन्हात उभा असतो.

आईचे माहेर बुलढाणा जिल्ह्यातले, धाब्याच्या घराचे. लाकडी किलचनावर फूटभर मातीचे ते छप्पर उन्हाळ्यात किती थंड असे, याचे वर्णन आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खरेच आहे, पण त्यामागचे कारण निराळे आहे. नुसत्या अडवण्याच्या बाबतीत फूटभर मातीचा थर पाऊण इंची एक्सपीएस बोर्डाच्या पुढे जात नाही. मात्र त्या मातीला तापायला इतका वेळ लागतो, की दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते आणि तोवर माणसे अंगणात बाजेवर झोपलेली असतात. माती उष्णता साठवून उशिरा देते, बोर्ड ती आत येऊच देत नाही. अंगण नसलेल्या आणि रात्री त्याच खोलीत झोपावे लागणाऱ्या घराला दुसराच गुण हवा असतो. शहरात धाब्याचे वजन पेलेल असे घर तरी कुठे राहिले आहे?

बाजारात फिरू लागल्यावर पहिला सल्ला मिळाला तो पांढऱ्या रंगाचा. हा सल्ला वाईट नाही. चांगला पांढरा रंग नवा असताना उन्हाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग परत पाठवतो आणि ज्यांना मोठा खर्च शक्य नाही त्यांनी तो जरूर लावावा. पण आमच्या गल्लीतली धूळ, जवळच्या डाळ मिलचा भुसा आणि पहिल्या पावसानंतरचे शेवाळ या तिघांपुढे तो शुभ्रपणा एका वर्षाच्या वर टिकत नाही, हे शेजारच्या गच्चीवर आम्ही पाहिलेले होते. दरवर्षी मार्चमध्ये गच्ची घासून पुन्हा २ हात मारण्याची तयारी असेल तरच त्या मार्गाला जावे.

दुसरा सल्ला चमकदार फॉइलचा होता, आणि तो ज्या पद्धतीने दिला गेला ती पद्धत सांगण्यासारखी आहे. शहरातल्या एका दुकानात हॅलोजनच्या दिव्याखाली २ पत्रे ठेवलेले होते, एक उघडा आणि एक फॉइल चिकटवलेला. दुकानदाराने दोन्हींवर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखले. उघड्या पत्र्यावर ६० च्या पुढचा आकडा आला आणि फॉइलवर ३४. बघणारे थक्क झाले. यातली गोम अशी आहे, की हे यंत्र पृष्ठभागातून बाहेर पडणारे अवरक्त किरण मोजून तापमान ठरवते आणि चकचकीत ॲल्युमिनियम असे किरण जवळजवळ सोडतच नाही, त्यामुळे फॉइल प्रत्यक्षात कितीही तापलेले असले तरी यंत्र खोलीचेच तापमान दाखवत राहते. त्याच फॉइलवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर यंत्र रोखले असते तर खरा आकडा कळला असता. मी तसे सुचवल्यावर दुकानदाराला अचानक फोन आला.

फॉइल निरुपयोगी आहे असे मात्र मुळीच नाही. पत्र्याच्या छताखाली, खाली तोंड करून, समोर किमान इंचभर मोकळी हवा ठेवून ते ताणले, तर वरून येणारी झळ ते फार प्रभावीपणे रोखते. गोदामांत आणि कोंबड्यांच्या शेडमध्ये ते याच कारणाने लावतात. परंतु हवेची पोकळी नसेल, म्हणजे ते स्लॅब आणि सिमेंट यांच्या मध्ये दाबून टाकले असेल, तर ते उष्णता सहज वाहून नेणाऱ्या धातूचा एक पातळ पापुद्रा उरते. आम्हाला ते नेमके तसेच, कोब्याखाली, म्हणजे गच्चीवरच्या सिमेंटच्या थराखाली, टाकण्यासाठी विकले जात होते.

राहता राहिले बोर्ड. गणपतीच्या मखरासाठी वर्षानुवर्षे वापरला गेलेला आणि २०१८ च्या राज्यातल्या बंदीनंतर सजावटीतून हद्दपार झालेला पांढरा थर्माकोल आणि एक्सपीएस बोर्ड हे एकाच घराण्यातले आहेत. दोन्हींचे मूळ पॉलिस्टायरीनच. फरक बनवण्याच्या रीतीत आहे. थर्माकोलमध्ये फुगवलेले मणी एकमेकांना चिकटलेले असतात आणि मण्यांमधल्या फटींतून पाणी हळूहळू शिरते. एक्सपीएस वितळलेल्या अवस्थेत सलग दाबून काढलेला असल्यामुळे त्याचे सूक्ष्म कप्पे बंद असतात, तो पाणी जवळजवळ पीत नाही आणि भार पडला तरी दबत नाही. ज्या छपरावर ४ महिने पाऊस पडणार आहे आणि ज्यावर पाण्याची टाकी साफ करायला माणसे चढणार आहेत, तिथे या दोन गुणांना पर्याय नाही. उष्णता अडवण्याच्या हिशोबात पॉलियुरेथेनचा फोम याहून किंचित सरस असतो, पण तो फवारून घ्यावा लागतो आणि एका घराच्या गच्चीसाठी यंत्र घेऊन येणारा माणूस आम्हाला मिळाला नाही.

या बोर्डाचे दुर्गुणही विक्रेते सांगत नाहीत, म्हणून येथे नोंदवतो. उघड्या उन्हात ठेवला तर काही आठवड्यांत त्याच्या पृष्ठभागाची भुकटी होऊ लागते, म्हणून तो झाकलेलाच हवा. ७५ अंशांच्या वर तो आकार सोडू लागतो. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन यांच्या स्पर्शाने तो विरघळतो. आणि तो पेटतो. ज्वालारोधक मिसळलेले असले तरी मोठ्या आगीत तो वितळून दाट काळा धूर सोडतो. स्लॅबच्या वर, सिमेंटच्या थराखाली गाडलेला असताना ही भीती राहत नाही, पण खोलीच्या आत, उघड्यावर, छताला किंवा भिंतीला तो कोणी चिकटवून देत असेल तर घरात येऊ देऊ नये. आतल्या बाजूस लावायचेच असेल तर न जळणारे ग्लासवूल किंवा रॉकवूल लावावे.

जाडीबद्दल दुकानांतून बराच गोंधळ घातला जातो, आणि येथे थोडे गणित केल्याने आमचे पैसे वाचले. छतातून किती उष्णता झिरपते हे सांगणारा एक आकडा असतो, ज्याला अभियंते ‘यू-व्हॅल्यू’ म्हणतात. तो जितका लहान तितके छत चांगले. आमच्या उघड्या स्लॅबचा हा आकडा सुमारे ३.५ येतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने घरांच्या छतासाठी १.२ ही कमाल मर्यादा घालून दिली आहे, म्हणजे आपल्याकडचे सर्वसाधारण उघडे स्लॅब त्या मर्यादेच्या तिपटीच्या घरात आहेत. २५ मिलिमीटर एक्सपीएस टाकल्यावर तोच आकडा ०.९ च्या आसपास येतो, ५० मिलिमीटरने ०.५ आणि ७५ मिलिमीटरने ०.३६. पहिल्या इंचाने सर्वांत मोठा पल्ला गाठला जातो, दुसऱ्याने त्याहून बराच कमी आणि तिसऱ्याने नावापुरता. विक्रेता ७५ मिलिमीटरसाठी हट्ट धरून बसला होता, अभियंता असलेला माझा मेहुणा २५ पुरे म्हणत होता. अकोल्याचा उन्हाळा लक्षात घेऊन आम्ही ५० वर थांबलो. पुण्या-नाशिकला राहत असतो तर मेहुण्याचे ऐकले असते.

हाच हिशोब आईच्या १२ बाय १४ फुटांच्या खोलीला लावून पाहिला. गच्चीचा पृष्ठभाग ६० अंशांवर आणि खोली ३४ अंशांवर धरली, तर उघड्या स्लॅबमधून ढोबळमानाने १.६ किलोवॅट उष्णता आत येते. म्हणजे दीडएक इस्त्री छताला उलट्या टांगून संध्याकाळभर चालू ठेवावी तसे. ५० मिलिमीटर बोर्डानंतर हीच उष्णता २०० वॅटच्या जवळपास उतरते.

आता कामाविषयी. योग्य क्रम असा असतो, की आधी स्लॅब साफ करून भेगा भरायच्या, पाणी वाहून जाण्याचा उतार द्यायचा, त्यावर वॉटरप्रूफिंग करायचे, गच्चीत २-३ दिवस पाणी तुंबवून गळती नाही याची खात्री करायची, मग बोर्ड सांधे एकाआड एक येतील असे बसवायचे, सांध्यांवर टेप मारायची, प्लास्टिकचा कागद अंथरायचा, कोंबडी-जाळी टाकून ५० मिलिमीटरचा सिमेंटचा थर चौकटी पाडून ओतायचा आणि शेवटी पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे चायना मोझॅक करायचे. वॉटरप्रूफिंग खाली आणि उष्णतेचा रोधक, म्हणजे बोर्ड, वर, असा हा उलटा क्रम मुद्दाम ठेवलेला असतो, कारण त्यामुळे वॉटरप्रूफिंगचा थर आणि खालचा स्लॅब दोघेही रोजच्या तापण्या-निवण्यातून वाचतात आणि भेगा पडायचे मुख्य कारणच जाते.

ठेकेदाराने यापैकी बहुतेक गोष्टी कागदावर मान्य केल्या होत्या. प्रत्यक्षात त्याच्या मिस्त्रीने या प्रकारचे काम पूर्वी कधी केलेले नव्हते आणि ते त्याने पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे सांगूनही टाकले. बोर्ड हातात घेऊन तो म्हणाला, “भाऊ, हे तं थर्माकोल हाय. पहिल्या पाण्यात वाहून जाईन.” त्याचे भाकीत अर्धे खरे ठरले, फक्त पाण्याऐवजी वारा आला. ७५० चौरस फुटांवर बोर्ड पसरून झाले, टेप मारायची राहिली, मंडळी जेवायला गेली आणि दुपारी ४ वाजता वळवाचे वादळ उठले. ८ चौरस फुटांचा एक बोर्ड सव्वा किलोचाही नसतो. अर्ध्या तासात आमच्या गच्चीवरचा निम्मा माल शेजारच्या अंगणात, समोरच्या लिंबावर आणि नाल्याच्या कडेला पोचला होता. शेजारच्या काकूंनी १४ बोर्ड स्वतः गोळा करून भिंतीला रचून ठेवले. ठेकेदाराने तुटलेल्या १९ बोर्डांचे पैसे आमच्याकडेच मागितले. हे काम करणाऱ्यांनी जेवढे बोर्ड त्या दिवशी सिमेंटखाली जाणार असतील तेवढेच अंथरावेत आणि बाकीचे वजन ठेवून बांधून ठेवावेत, एवढी साधी गोष्ट कोणी सांगितली असती तर हा तमाशा टळला असता.

दुसरी चूक याहून गंभीर होती. वादळाचा धसका घेऊन मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी बोर्ड स्लॅबला चिकटवायचे ठरवले आणि त्यासाठी दारे-सनमायका चिकटवायचा रबर-आधारित गोंद आणला. त्यात सॉल्व्हंट, म्हणजे थिनरसारखे द्रव्य, असते. दोन बोर्ड चिकटवून झाल्यावर तिसऱ्याचा कोपरा त्याच्या डोळ्यांदेखत साखरेच्या पाकासारखा बसत गेला. सुदैवाने मी तेव्हा वर होतो. पुढचे सर्व बोर्ड गोंदाशिवाय, नुसते सरळ ठेवून वरून सिमेंटच्या थराने दाबले, आणि या पद्धतीत तेच योग्यही असते.

पाणी तुंबवण्याची चाचणी ठेकेदाराने एका रात्रीत आटोपती घेतली. त्या बाबतीत नशिबाने साथ दिली. ३ पावसाळे झाले, अजून छताला ओल नाही. पण सांध्यांच्या बाबतीत ती दिली नाही. आग्नेय कोपऱ्यात, टाकीच्या चबुतऱ्याभोवती, बोर्ड कापून बसवायचा कंटाळा केल्यामुळे हातभर रुंदीची एक पट्टी उघडी राहिली आणि तिच्यावर तसाच सिमेंटचा थर ओतला गेला. हे आम्हाला पुढच्या उन्हाळ्यात कळले. थर्मामीटर घेऊन छत तपासताना सगळीकडे ३५-३६ अंश आणि त्या एका पट्टीवर ४१ असा आकडा येऊ लागला. आता तिथले मोझॅक फोडल्याशिवाय दुरुस्ती नाही.

परिणामाविषयी लिहिताना मी शक्य तितका सावध राहतो, कारण दोन उन्हाळे कधीच सारखे नसतात. २०२४ च्या नवतपात बाहेर ४५ अंशांच्या घरात तापमान असताना संध्याकाळी ६ वाजता छताचे खालचे अंग ३५ ते ३६ अंशांवर होते. त्या जागी पूर्वी ४३ असे. खोलीतल्या हवेचे तापमान मात्र केवळ ३ अंशांनी उतरले. हा दुसरा आकडा ऐकून अनेकांचा हिरमोड होतो, परंतु माणसाच्या अंगाला जाणवणारी उष्णता निम्मी हवेची आणि निम्मी भोवतालच्या पृष्ठभागांची असते, आणि छत ७-८ अंशांनी थंड होणे हे पंख्याखाली बसणाऱ्याला हवेच्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक जाणवते. आईने पहिल्या आठवड्यातच कूलरचा वेग ३ वरून १ वर आणला आणि रात्री ११ नंतर कूलर बंद करू लागली. तिच्या खोलीतला दीड टनाचा एसी आम्ही फक्त पाहुणे आले तर किंवा आर्द्रता वाढून कूलर निकामी झाला तर लावतो. पूर्वी दुपारी ३ ते रात्री ९ त्याचा कॉम्प्रेसर एकदाही थांबत नसे, आता तो थांबत-चालत राहतो.

एक गोष्ट मात्र अपेक्षेविरुद्ध गेली. पश्चिमेच्या खिडकीतून आत आलेले ऊन खोलीत अडकून राहू लागले. रोधकाला दिशा कळत नाही. तो बाहेरची उष्णता जशी आत येऊ देत नाही तशी आतली बाहेरही जाऊ देत नाही. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही या खिडकीकडे दुर्लक्ष केले आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्यावर बाहेरून खसाचा पडदा सोडला, तेव्हा कुठे संध्याकाळचा उरलेला चटका गेला. पडदा खिडकीच्या आतून लावून उपयोग नाही, कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्याला तापवते आणि तो पडदा खोलीला.

आता ग्लासवूलच्या फॉल्स सीलिंगकडे येतो. गच्चीवर बोर्ड टाकल्यानंतर त्याची गरज जवळपास नव्हती, हे मी आज सांगू शकतो. तेव्हा ठेकेदाराने २ इंची ग्लासवूलमुळे ‘डबल इफेक्ट’ येईल असे सांगितले आणि आम्ही मान डोलावली. वर सांगितलेला घटत्या लाभाचा नियम येथेही लागू होता. ज्या भाडेकरूंना किंवा अपार्टमेंटमधल्या मंडळींना गच्चीवर काम करायची परवानगीच नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग योग्य आहे, कारण खोलीपुरता लाभ त्यातून नक्की मिळतो. पण स्लॅब मात्र पूर्वीसारखाच भाजत राहतो, खोलीची उंची ६-७ इंचांनी कमी होते आणि कधी वरून ओल आली तर भिजलेले ग्लासवूल रोधक राहत नाही.

यातली सर्वांत महत्त्वाची बाब विजेची आहे आणि तिच्याबद्दल कोणीही आम्हाला सावध केले नाही. तारेवरचे पीव्हीसीचे आवरण वीज अडवते, पण तारेत निर्माण होणारी उष्णता बाहेरच्या हवेत जायला हवी असते. तीच तार ग्लासवूलच्या गादीत पुरली की उष्णतेची वाट बंद होते, तार नेहमीपेक्षा तापते आणि तिची विद्युतभार वाहण्याची क्षमता घटते. आमच्याकडे छतातल्या एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर्स, म्हणजे दिव्यांना वीज पुरवणारे छोटे डबे, ठेकेदाराच्या माणसांनी चक्क ग्लासवूलखाली गाडून टाकले होते. ८ पैकी ३ दिवे पहिल्या ५ महिन्यांत गेले. आमच्या जुन्या इलेक्ट्रिशियनने सीलिंग उघडून दिव्यांभोवती हातभर मोकळी जागा केली, ड्रायव्हर्स ग्लासवूलच्या वर आणले आणि एसीची तार वेगळ्या पाइपातून ओढली. त्यानंतर दिवा गेलेला नाही. त्यानेच आणखी एक गोष्ट दाखवली. गच्चीवर टाकीच्या पंपाची पीव्हीसी तार एका ठिकाणी थेट बोर्डाला चिकटून गेलेली होती. पीव्हीसीला मऊपणा देणारे द्रव्य पॉलिस्टायरीनमध्ये झिरपते आणि काही वर्षांत तारेचे आवरण कडक होऊन तडकते, म्हणून तार आणि हा बोर्ड यांच्यामध्ये नेहमी पाइप हवा. उष्णता अडवणारा आणि वीज अडवणारा असे दोन्ही माल आपापल्या जागी निर्दोष असूनही शेजारी बसवले की एकमेकांना खातात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते.

याच ठेकेदाराने जाता जाता आवाजाचाही इलाज विकला. आमच्या मागच्या गल्लीत मंगल कार्यालय आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे खरी, पण वरातीच्या डीजेला ते सांगणार कोण? मागच्या खोलीच्या भिंतीला अंड्यांच्या ट्रेसारखा दिसणारा करडा फोम लावून मिळाला आणि वरात पूर्वीइतकीच स्पष्ट ऐकू येत राहिली. हा फोम खोलीतल्या आवाजाचे पडसाद शोषतो. रेकॉर्डिंगच्या खोलीत त्याचे काम तेवढेच असते. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागते. भिंतीचे वजन दुप्पट केले तर साधारण ६ डेसिबलने आवाज कमी होतो, आणि आमची ९ इंची विटांची भिंत मुळातच पुरेशी वजनदार होती. आवाज येत होता तो सरकत्या खिडकीच्या फटींतून. एकूण क्षेत्राच्या १ टक्का जागा जरी उघडी राहिली तरी उरलेली भिंत कितीही भक्कम असो, एकूण रोध २० डेसिबलच्या पुढे जात नाही. फोम काढून टाकला, खिडकीला जाड काच आणि रबराच्या पट्ट्या बसवल्या आणि निदान गाण्याचे शब्द कळेनासे झाले. ढोलाचा धक्का अजून येतो; खालच्या पट्टीचे आवाज अडवणे ही वेगळीच आणि महाग गोष्ट आहे.

खर्चाचा तपशील असा. ८५० चौरस फुटांच्या गच्चीसाठी बोर्डाला चौरस फुटामागे ७४ रुपये पडले. वॉटरप्रूफिंग, सिमेंटचा थर आणि मोझॅक मिळून आणखी १४५. वादळात गेलेल्या बोर्डांवरून झालेला वाद निम्म्या-निम्म्यावर मिटला. सीलिंगचे आणि फोमचे मिळून सुमारे ३४,००० रुपये मी पुन्हा खर्च करणार नाही. गच्चीचे मात्र करेन, आणि नवे घर बांधणाऱ्यांना तर आग्रहाने सांगेन, कारण वॉटरप्रूफिंग आणि वरचा थर त्यांना असाही करायचाच असतो, वाढीव खर्च फक्त बोर्डाचा. पारंपरिक ४-५ इंची ब्रिकबॅट, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा, कोबा करायचा विचार असेल तर तो स्लॅबवर दर चौरस मीटरला २०० किलोंचा बोजा टाकतो हेही लक्षात घ्यावे; २ इंची बोर्डाचे वजन त्याच जागेत दीड-दोन किलो भरते.

बोर्डाचा एक गुण मी कापला तो गच्चीच्या पृष्ठभागासाठी. उष्णतेची खाली जायची वाट बंद झाल्यामुळे वरचा सिमेंटचा थर दुपारी पूर्वीपेक्षाही जास्त तापतो. मोझॅक पांढरे नसते तर पाय ठेवता आला नसता, आणि पांढरे असल्यामुळे दुपारी डोळे दिपतात. आईने याची तक्रार पहिल्या दिवशी केली आणि मग तिथेच कुरडया वाळत घातल्या, त्या नेहमीच्या तिसऱ्या दिवसाऐवजी दुसऱ्याच दिवशी खणखणीत वाळल्या. त्याच पातळ थरात उष्णता साठायला फारशी जागा नसल्यामुळे तो सूर्य मावळताच झपाट्याने निवतो. पूर्वी रात्री १२ पर्यंत गच्चीवर पाठ टेकवत नसे. आता साडेनऊला सतरंजी अंथरता येते, आणि ज्या खोलीसाठी हा सारा खटाटोप केला ती रिकामी ठेवून आई गेले दोन्ही मे महिने वर गच्चीवरच झोपते आहे.